नर्मदेचं पाणी पिऊन म्हणे ‘आंदोलनानं काय होतं?’

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. रामबागेतून राजेंद्रनगरला, तिथून पुण्याच्या नातेवाइकांकडे आणि तिकडून फिरून पुन्हा इकडे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पोटाला चिमटा बसला की लोक पेटतात, त्यात विचार नसतो. जमाव बिनडोक असतो. प्रत्येक आंदोलनामागे बाहेरचा पैसा असतो. हल्लीची आंदोलनं तर मोबाइलवरच उभी राहतात. आणि एवढं करून जगात कुठेही काही बदललेलं नाही. खाली हात जोडलेले, ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

भुकेनं आंदोलनं पेटत असती, तर सगळ्यात गरीब जिल्ह्यांत रोज मोर्चे निघाले असते. दुष्काळात माणूस गाव सोडतो, मोर्चा काढत बसत नाही. फ्रान्सच्या ज्या भागांत राज्यक्रांतीआधी परिस्थिती सुधारत होती, तिथेच असंतोष जास्त होता, हे फ्रेंच विचारवंत तोकव्हिलनं १८५६ सालीच लिहून ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांची पाहणी केली. मिलिटरी पोलिसांत बढत्या अगदी कमी, हवाई दलात भराभर. तरी बढतीच्या पद्धतीवर कुरकुर हवाई दलातच जास्त! कारण तिथे बरोबरचे चार जण पुढे गेलेले रोज डोळ्यांसमोर दिसायचे. समाजशास्त्रात याला सापेक्ष वंचितता म्हणतात. ऑफिसात पगारवाढीचं पत्र हातात पडल्यावर आपण आधी ‘त्याला किती?’ हेच विचारतो की नाही?

जमाव बिनडोक असतो, हे फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँनं १८९५ साली मांडलेलं मत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ते कुठून आलं हे ठाऊकही नसेल. पुढे इतिहासकार ई. पी. थॉम्पसननं १९७१ मध्ये अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधले धान्याचे दंगे तपासले. लोक व्यापाऱ्याचं धान्य ताब्यात घ्यायचे, त्यांना रास्त वाटेल त्या भावानं बाजारात विकायचे आणि आलेले पैसे मालकाला नेऊन द्यायचे. कधी कधी तर रिकामी पोतीसुद्धा परत! सगळेच जमाव असे वागतात असं मी म्हणत नाही. दंगली आपणही पाहिल्यात. पण बिनडोक माणसं हिशेब करून पोती परत करत नाहीत.

आता बाहेरचा पैसा. हा मुद्दा ग्रुपवर सगळ्यांना फार आवडलेला दिसतो, म्हणून जरा थांबूनच बोलू. पैसा लागतोच. मॅकार्थी आणि झाल्ड या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये नेमकं हेच मांडलं: तक्रारी तर सगळीकडे असतात, आंदोलन तिथे उभं राहतं जिथे पैसा, वेळ, जागा आणि संघटना जमते. प्रश्न एवढाच, की पैसा आधी येतो की आंदोलन? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीबाबत जेंकिन्स आणि एकर्ट यांनी १९८६ मध्ये याचा हिशेब लावला. बड्या फाउंडेशनांचा पैसा आला तो लोक रस्त्यावर उतरल्यानंतर, आणि तोही बहुतेक मवाळ, ऑफिस थाटून बसलेल्या संस्थांकडे गेला. म्हणजे बाहेरच्या पैशानं चळवळ पेटवली नाही, उलट तिला मऊ वळण लावलं.

मग अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार कशावर चालला? १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत, त्यांना अटक झाली. ‘दमलेली एक शिवणकाम करणारी बाई’ अशी त्यांची गोष्ट सांगतात. प्रत्यक्षात त्या कित्येक वर्षं तिथल्या नागरी हक्क संघटनेच्या शाखेच्या चिटणीस होत्या. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं काढली. दीड वर्षापूर्वीच त्यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. पुढे चर्चमध्ये सभा, तिथेच वर्गणी, आणि लोकांना कामावर पोचवायला सुमारे ३०० मोटारी. असे ३८१ दिवस. ज्यांनी आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागत दारं वाजवलीत, त्यांना यातलं निम्मं काम मी समजावून सांगायची गरज नाही.

समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडमचा अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या उत्तरेतले विद्यार्थी दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला गेले. जिवाला धोका होता, तिघांचा खूनही झाला. अर्ज करून गेलेले आणि ऐन वेळी मागे फिरलेले, दोघांचेही अर्ज मॅकअ‍ॅडमनं तपासले. विचार दोघांचे जवळपास सारखेच. फरक होता तो ओळखींचा: जाणाऱ्यांच्या यादीत मित्र असले की माणूस गेला, नसले की बहुधा घरी राहिला.

मोबाइलचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. ट्युनिशियात डिसेंबर २०१० मध्ये एका भाजीवाल्यानं पेटवून घेतलं आणि महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. श्रेय मिळालं फेसबुकला. पण १९४६ पासूनच्या तिथल्या कामगार महासंघाच्या गावोगावच्या कचेऱ्यांतून लोक जमत होते, १२ जानेवारीला स्फाक्स शहर बंद पडलं ते संपामुळे, आणि २००८ मध्ये गाफ्साच्या फॉस्फेट खाणींत याची तालीम होऊन गेली होती.

राहिलं ‘काही बदलत नाही’. अहो काका, सकाळी नळाला जे नर्मदेचं पाणी येतं, ते कुठून आलं? १९७० मध्ये विद्यार्थी आणि ‘अभ्यास मंडळ’ या इंदूरच्या संस्थेतली मंडळी रस्त्यावर उतरली, म्हणून ती योजना मंजूर झाली. १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून विंध्याचा चढ चढून पाणी शहरात आलं. आणि आपली हुकुमचंद कापड मिल? १९९१ मध्ये बंद पडली, कामगार कोर्टात आणि रस्त्यावर भांडत राहिले, सुमारे २२४ कोटींची देणी सुटली ती डिसेंबर २०२३ मध्ये. मिळालं, पण तोवर कितीतरी कामगार वाट पाहतच गेले.

जगाचा हिशेब एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी मांडलाय. १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा त्यांनी घेतल्या; सत्ता उलथवणं, परकीय फौज हटवणं, वेगळं होणं असल्या मोठ्या मागण्यांच्या. अहिंसक मोहिमांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त यशस्वी झाल्या, सशस्त्रांपैकी साधारण चौथाई. ‘कुठेही काही बदललेलं नाही’ हे यात बसत नाही.

पण फॉरवर्डच्या बाजूनंही एक गोष्ट आहे, ती त्यात नसली तरी मी सांगते. २०१० नंतर अहिंसक मोहिमांचं यश जवळपास एकतृतीयांशावर घसरलंय. चेनोवेथ यांनी दिलेली कारणं अशी: मोर्चे मोठे दिसतात, पण लोकसंख्येच्या मानानं सहभाग पूर्वीपेक्षा कमी असतो, संप आणि असहकार मागे पडून सगळा भर एका दिवसाच्या गर्दीवर येतो, आणि गर्दी जमवायला जो मोबाइल कामी येतो, त्याच्यावरूनच कोण कोणाशी बोलतंय हे सरकारला कळतं.