‘सात इंचांपर्यंत चालतं’ म्हणे!

गणपती पंधरा दिवसांवर आले की आमच्या वाडीच्या ग्रुपवर तीन गोष्टी हमखास येतात. कोकण रेल्वेच्या वेटिंग लिस्टचा फोटो, महामार्गावरच्या खड्ड्यांचा व्हिडिओ, आणि सिंधुदुर्गातला चिपी नि गोव्यातला मोपा हे विमानतळ सुरू झाल्यापासून विमानाच्या सामानाबद्दलचा एक फॉरवर्ड. यंदा तो मला एकट्याला सात जणांनी पाठवला. मी मालवणात बोटींची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. अवजारांची पिशवी घेऊन हिंडणारा ग्रुपवर मी एकटाच, म्हणून माझ्यावर एवढं प्रेम.

फॉरवर्ड थोडक्यात असा: आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सात इंचांपर्यंतची अवजारं केबिन बॅगेत नेता येतात. वस्तूला धार नसेल तर कुणी अडवूच शकत नाही. छोट्या विमानतळांवर तर कुणी बघतही नाही. ड्रिलच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र जड असतात, त्या खाली जाणाऱ्या बॅगेत टाकाव्यात. अडवलंच तर हा मेसेज दाखवावा. खाली हात जोडल्याचं चित्र.

हात मीही जोडतो, पण हे उलटं आहे. अवजारं विमानाच्या पोटात जायला हवीत आणि सुट्या बॅटऱ्या आपल्याजवळ. फॉरवर्डवाल्याने दोन्हींची अदलाबदल केली आहे. आता एकेक मुद्दा घेऊ.

सात इंच हा आकडा हवेतून आलेला नाही, तो अमेरिकेतून आला आहे. तिथल्या टीएसए या तपासणी यंत्रणेने डिसेंबर २००५ मध्ये नियम थोडा सैल केला. सात इंच, म्हणजे साधारण पावणेअठरा सेंटिमीटर, किंवा त्याहून लहान पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर हातातल्या बॅगेत चालेल असं ठरलं. कॉकपिटचे दरवाजे तोवर भक्कम झाले होते, तेव्हा तपासणाऱ्यांचा वेळ कात्र्या-पाने वेचण्यापेक्षा स्फोटकं शोधण्यात जावा, असा त्यामागचा विचार. मला विचाराल तर तो विचार शहाणपणाचा आहे. पण सात इंच मोजायचे ते मुठीसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पातं असलेलं मल्टिटूल कितीही छोटं असलं तरी नाही. ड्रिलची बिटं नाहीत. आणि शेवटचा शब्द तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा, हे टीएसए स्वतःच लिहून ठेवते.

युरोपात गेलात की इंच संपतात. तिथे सहा सेंटिमीटर. स्क्रू ड्रायव्हर किंवा पटाशीची दांडी नाहीतर पातं त्याहून लांब असेल तर हातात नेता येत नाही. करवत आणि ड्रिल तर नाहीच नाही. म्हणजे सहा इंची स्क्रू ड्रायव्हर, ज्याची दांडी आठ सेंटिमीटरची आहे, तो न्यूयॉर्कहून निघताना खिशात चालेल आणि फ्रँकफर्टला विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली तर तिथेच राहील. ‘आंतरराष्ट्रीय नियम’ असा एक नाहीच. इकाओ ही नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना देशांना चौकट घालून देते, वस्तूंची यादी प्रत्येक देश आपापली करतो.

आपल्याकडची यादी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोची, म्हणजे बीसीएएसची. ती वाचायला पाच मिनिटं लागतात. हातोडी, करवत, ड्रिल, पहार, स्क्रू ड्रायव्हर, पाने, पक्कड, सगळी अवजारं हातातल्या बॅगेत बंद आणि चेक-इनच्या सामानात चालू. तिथे सात इंचांची सवलत नाही. त्यामुळे मालवणच्या माणसाला चिपीहून निघताना अमेरिकेचा नियम दाखवून काय मिळणार? देवगडच्या बाजारात डॉलर काढून बांगडा मागण्यातला प्रकार.

‘धार नसेल तर चालतं’ हा मुद्दा आमच्या गावच्या गवंड्याने मला ठणकावून सांगितला. ओळंब्याला कुठे धार असते, असं त्याचं म्हणणं. नसते, पण ते दोरीला बांधलेलं अर्धा किलो लोखंड आहे. आणि हातोडीला तरी कुठे असते? ७ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेत मेम्फिसहून निघालेल्या फेडेक्सच्या मालवाहू विमानात त्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने वैमानिकांवर हल्ला केला तो हातोड्यांनी. सोबत मासे मारायची भालाबंदूक होती. तिघांच्या डोक्याला भयंकर मार बसला, तरी त्यांनी झटापट करत विमान परत उतरवलं. यादीत अवजारं का आहेत याचं उत्तर एवढ्यात मिळतं.

धारेवरून आठवलं. माझ्या काकीचा पितळी अडकित्ता. बीसीएएसच्या यादीत अडकित्ता असा शब्द सापडायचा नाही, पण दोन पाती आणि मध्ये खिळा म्हटल्यावर मशीनच्या पडद्यावर ती कात्रीच. मी हे सांगितलं तर काकी म्हणाली, “ह्या काय हत्यार आसा? मगे सुपारी कशान फोडू?” मुंबईत सुपारी कातरून मिळते, हे तिला पटत नाही. शेवटी अडकित्ता साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत गेला. खवणीचंही तेच, विळीचंही तेच. पण सुक्या खोबऱ्याचा विषय निघाला की आपली कोकणी मंडळी खरी हादरतात. ते तर मोठ्या बॅगेतही घेत नाहीत. धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला यूएन १३६३ असा क्रमांक आहे, आणि वर्ग आहे आपोआप तापून पेट घेणाऱ्या वस्तूंचा. त्यात तेल भरपूर असतं, ढीग दाबून ठेवला की आतून तापतो. मांगरात खोबरं साठवणाऱ्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही.

‘छोट्या विमानतळावर बघत नाहीत.’ यादी तीच आहे, चिपी असो की मुंबई. उलट मागे रांग नसली की पडद्यासमोरचा माणूस निवांत बघतो, असा माझा अनुभव. एखाद्याची पक्कड एकदा सुटली, तर ती नजरेतून सुटली. परवानगी मिळाली असा त्याचा अर्थ होत नाही, आणि परतीला दुसऱ्या विमानतळावर दुसरी नजर असते.

हे मी पोटतिडकीने का लिहितोय तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी बहिणीकडून परत येताना माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात वडिलांची पक्कड राहिली. तिच्या घरचा नळ दुरुस्त केला होता, तिथून ती तशीच आत गेली. बॅग मशीनमधून गेली, पट्टा थांबला, मागे फिरला, पुन्हा गेला. अधिकाऱ्याने मला बोलावून पडदाच दाखवला. कपडे, चिवडा, पुस्तक असलं सगळं केशरी दिसतं, कारण ते सेंद्रिय. धातू निळा. त्या केशरी ढिगाऱ्यात माझी पक्कड निळीशार, तोंड वासून पडलेली. मुठीला गुंडाळलेलं सायकलच्या ट्यूबचं रबर काही पडद्यावर ओळखू येत नव्हतं, मला मात्र तेच दिसत होतं. तो माणूस नीट बोलला. चेक-इन काउंटरवर परत जाऊन बॅगेत टाका, सोडायला आलेल्या कुणाला द्या, नाहीतर इथे ठेवा, एवढंच म्हणाला. काउंटर बंद झालं होतं, मेहुणा पार्किंगमधून निघूनही गेला होता. मी ती ट्रेमध्ये ठेवली. ट्रेत आधीच चार कात्र्या, लायटर आणि कुणाचं तरी खवणीचं पातं होतं. त्याही दिवशी माझ्या फोनमध्ये ‘अडवू शकत नाहीत’वाला एक मेसेज होता. दाखवायची छाती झाली नाही, आणि दाखवला असता तरी पक्कड काही परत आली नसती. फॉरवर्डमधल्या ‘मेसेज दाखवा’ या शेवटच्या सल्ल्याला माझ्याकडून एवढंच उत्तर.

आता बॅटऱ्या. फॉरवर्डमधलं बाकी सगळं ऐकलंत तर फार तर पाना जाईल. हा सल्ला ऐकलात तर काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. लिथियम बॅटरीची टोकं पान्याला किंवा चाव्यांना टेकून शॉर्ट झाली, किंवा मार बसून ती आतून बिघडली, तर ती स्वतःच तापत जाते आणि एक सेल पेटला की शेजारचा पेटतो. प्रवाशांच्या डब्यात हे घडलं तर धूर दिसतो, कर्मचारी पाणी ओततात, वस्तू वेगळी करतात. खालच्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत चाललेली तापण्याची साखळी थांबवू शकत नाही. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकायच्याच नाहीत. हा नियम मात्र जवळजवळ सगळीकडे सारखा आहे.

किती मोठी चालते याचा हिशेब सोपा. बॅटरीवरचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. माझ्या ड्रिलची बॅटरी १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास, म्हणजे ७२. शंभरापर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, आकडा मात्र बॅटरीवर स्पष्ट छापलेला हवा. १८ व्होल्टची ६ अँपिअर-तासवाली घेतलीत तर १०८ होतात. शंभर ते एकशेसाठ या पट्ट्यात विमान कंपनीला आधी विचारायचं आणि अशा सुट्या दोनच. त्यावरची प्रवासी विमानात आणू नका. ड्रिल स्वतः मोठ्या बॅगेत, बॅटरी काढून. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी.

यात आपल्याकडची एक खास गोम आहे. चिपीवर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी पहिलं प्रवासी विमान आलं ते सत्तर आसनांचं एटीआर. या विमानांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे फुगलेली केबिन बॅग कधी कधी शिडीपाशीच काढून घेतात आणि खाली ठेवतात. त्या क्षणी तुमची ‘हातातली’ बॅग सामानकक्षातली होते. पॉवर बँक आणि बॅटऱ्या आतच राहिल्या तर नियम पाळूनही मोडल्यासारखं. म्हणून त्या मी वेगळ्या कापडी पिशवीत, वरच्या कप्प्यात ठेवतो, मागितली बॅग की पिशवी काढून हातात.

गंज सोडवायच्या स्प्रेबद्दल फॉरवर्ड गप्प आहे. आपल्या खाऱ्या हवेत त्याच्याशिवाय एक बोल्ट हलत नाही, हे कबूल. पण तो ज्वालाग्राही, वर नाही नि खालीही नाही. गॅसची टॉर्च तशीच. दुरुस्तीला पाठवायचा कार्बोरेटर पेट्रोलचा वास मारत असेल तर त्याला एसटीने किंवा ओळखीच्या टेम्पोने जाऊ दे.

मोठ्या बॅगेत टाकताना पटाशी, कानस, करवतीची पाती जाड कापडात गुंडाळून वर पुठ्ठा बांधा. बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापू नये. माझे पाने हल्ली जुन्या लुंगीच्या गुंडाळीत जातात. पंधरा किलोंतले तीन किलो तिथेच संपतात, मग कोकमाची बाटली बायकोच्या बॅगेत जाते आणि तिचं बोलणं मला खावं लागतं.