पिशवी हौसेनं काढत नाही कुणी

‘गरिबी ही परिस्थिती नाही, सवय आहे’ या मथळ्याचा मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामांनी टाकला तेव्हा मी गप्प बसले, उगाच घरात वाद नको म्हणून. पण परवा भाचीनं वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं भाषण वाचून दाखवलं आणि त्यात तोच मेसेज जवळजवळ जसाच्या तसा उतरवलेला. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमध्ये उदाहरण घेतलंय ऊसतोड मजुरांचं. एक, नवरा-बायकोला हंगामाआधीच लाख रुपये रोख मिळतात, नोकरदारालाही एवढे एकरकमी मिळत नाहीत. दोन, तो पैसा दारूत आणि लग्नात उडवतात. तीन, पैशाच्या हावेपोटी या बायका गर्भाशयाची पिशवी काढून घेतात, म्हणजे पाळीमुळे खाडा पडत नाही. चार, मुलांना शाळेत घालत नाहीत. पाच, फुकट रेशन आणि लाडकी बहीणमुळे आळशी झालेत. आणि शेवटी नेहमीप्रमाणे धीरूभाई अंबानी.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण तो वाचून माझं डोकं फिरलं.

2019 साली हे प्रकरण गाजलं तेव्हा राज्य सरकारनं विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्याआधीच्या, 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या महिलांमध्ये देशभरात हे प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत असं म्हणा हवं तर, पण पाचपट फरक त्यानं भरून निघत नाही. हावरटपणा फक्त बीडच्याच बायकांत एवढा उपजतो का?

खाड्याची भीती खरी आहे, तेवढं मी मान्य करते. एक दिवस काम बंद राहिलं की मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी पुरवणारा कंत्राटदार, पाचशे रुपयांपर्यंत कापतो, आणि ते दोघांच्या हिशेबातून जातात. पण बाई ऑपरेशनच्या टेबलापर्यंत कशी पोचते ते बघा. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात. नवरा तोडतो, ती ऊस साळते, म्हणजे पाचट काढते, मोळ्या बांधते. गाडी रात्री दोनला आली तरी उठायचं आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गरोदर असली तरी. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी मिळेल तिथून आणायचं. पाळीतलं फडकं धुवायला जागा नाही आणि वाळत घालायला आडोसा नाही. महिनोन् महिने असं चाललं की अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं. सरकारी दवाखाना लांब, खाडा करून जावं लागतं. मग गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात जायचं. तिथं सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं की पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. औषधांनी बरा होणारा संसर्ग, पण तिशी न ओलांडलेली बाई घाबरून सही करते. ऑपरेशनचे हजारो रुपये कुठून येतात? मुकादमाकडूनच, पुढच्या हंगामाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ रकमेत, धरून. अंडाशयही काढलं असेल तर लगेच रजोनिवृत्ती, हाडं ठिसूळ, कंबरदुखी, आणि तीच मोळी परत डोक्यावर.

या व्यवहारात पैसा मिळाला तो दवाखान्याला. म्हणून तर त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची करावी लागली. बायका हावेपोटी पिशवी काढत असत्या तर लगाम डॉक्टरांना कशाला घातला असता?

आता पहिला मुद्दा, लाखभर रोख. ती उचल आहे, म्हणजे कर्ज. जानेवारी 2024 मध्ये मजुरीत 34 टक्के वाढ झाली आणि तोडणीचा दर टनाला साधारण 366 रुपयांवर गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टन तोडतात असं धरा, आणि ते काही कमी नाही. दोघांचे मिळून सातशे बत्तीस रुपये झाले. लाखाची उचल फेडायला 273 टन तोडायला हवेत, म्हणजे एकही खाडा न करता 137 दिवस. 2024-25 चा हंगाम निवडणुकीमुळे नोव्हेंबरच्या मध्यात सुरू झाला आणि मार्च सरेपर्यंत बहुतेक कारखान्यांचं गाळप बंद झालेलं होतं. हिशेब तुम्हीच करा. फिटली नाही ती बाकी पुढच्या वर्षावर, आणि पावसाळ्यात खायला पुन्हा नवी उचल. मेसेजवाल्याला जी ‘सवय’ दिसते ती ही आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याला कर्जाच्या मोबदल्यात बांधून घेतलेलं श्रम मंजूर नाही, पण कागदावर इथं करार असतो तो मुकादमाशी, आणि कारखाना हात वर करून मोकळा.

दोन मुकादमांची उचल घेऊन तिसरीकडेच गेलेल्या टोळ्या आहेत, नाही असं नाही. त्यात उचलीचा पैसा घालणारे ट्रॅक्टरवाले बुडतात, पोलिसांत गुन्हे दाखल होतात. दारूही आहे. पण थकवा मारायला पिणारा माणूस सगळ्या थरांत सापडतो, गरीब मात्र तो एकटाच राहत नाही, त्याची न पिणारी शेजारीणही राहते. तेव्हा कारण दुसरीकडे शोधा.

ते कारण जमीन आणि पाण्यात आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यातून पश्चिम महाराष्ट्राचं भलं झालं, हे कुणी नाकारत नाही. पण सभासद कोण? ज्याच्या रानात ऊस आहे तो. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, धारूर, शिरूर कासारच्या मुरमाड, कोरडवाहू रानात ऊस नाही, म्हणून तिथला माणूस सभासदही नाही. तो ऊस तोडतो, कारखान्यात त्याचा हिस्सा शून्य. शेतकऱ्याच्या उसाला कायद्यानं एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर आहे, 2024-25 ला 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे 3,400 रुपये, तीही चौदा दिवसांत द्यायची. तोडणाऱ्याच्या दराला असा कायदा नाही, काही वर्षांनी बैठक होते, संप होतो, मग आकडा ठरतो. आणि तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्याच बिलातून कापली जात असल्यामुळे मजुराचा दर वाढला की बागायतदाराच्या खिशाला लागतं. मामांच्या ग्रुपात हा मेसेज इतका का आवडला, याचं उत्तर मला यातच दिसतं.

फुकट योजनांबद्दल फार लिहीत नाही. पंधराशे रुपयांनी कोणी आळशी होत असेल तर एनसीडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या, कर्जांना सरकारची थकहमी घेणाऱ्या कारखान्यांचं काय म्हणायचं? शाळेचं म्हणाल तर दिवाळीनंतर आई-बाप निघाले की लेकरू कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे. 2021 मध्ये 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना मंजूर झाली, म्हणजे सरकारलाही तो प्रश्न दिसला. अंबानींचे वडील गावात शिक्षक होते. ज्या घरात वडील मुलांना शिकवतात त्या घराची तुलना कोपीत वाढणाऱ्या पोराशी करू नका.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांना माझं एकच सांगणं आहे. बाकीच्या मुद्द्यांवर वाद घाला, मी आहे. पिशवीचा मुद्दा मात्र जिथं जिथं पाठवलात तिथं चुकीचा होता म्हणून स्वतः लिहा, आणि सोबत समितीचे ते दोन आकडे द्या.