‘स्क्रू बसला नाही’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्प्रे गनच्या ट्रिगरसाठी आमच्याकडून मागवलेल्या स्क्रूंना आपण एक तारा दिला असून तीन तक्रारी नोंदवल्या आहेत. स्क्रू दोन फेरे आत जाऊन अडकला आणि जोर लावताच गनच्या बॉडीतले आटे गेले. हार्डवेअरच्या दुकानात ५ रुपयांना मिळणाऱ्या स्क्रूचे आम्ही ८० रुपये घेतले. आणि एअरलेस मशीनच्या (हवेशिवाय, पंपाच्या दाबाने रंग फवारणाऱ्या यंत्राच्या) पंपासाठी सुटे बोल्ट मागितले असता आम्ही ते दिले नाहीत. गन बंद पडली की हाती घेतलेले काम जागच्या जागी थांबते आणि मालकाची बोलणी पेंटरला खावी लागतात, याची मला पूर्ण जाणीव आहे; म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

आपली गन जुनी, अमेरिकी बनावटीची असल्याचे आपणच लिहिले आहे, आणि आपण जोडलेल्या छायाचित्रात स्क्रूच्या पहिल्या दीड-दोन आट्यांत ॲल्युमिनियमचा पांढरट चुरा अडकलेला स्पष्ट दिसतो. त्यावरून माझा अंदाज असा, की गनमधले भोक १०-३२ या इंची मापाचे आहे, तर आमचा स्क्रू, वेष्टनावर छापल्याप्रमाणे, एम५ म्हणजे मेट्रिक मापाचा आहे. ही दोन मापे फार फसवी आहेत. १०-३२ मध्ये एका इंचात ३२ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर ०.७९४ मिलिमीटर भरते. एम५ मध्ये तेच अंतर ०.८ मिलिमीटर असते. हा फरक इतका बारीक आहे की पिच गेज (आट्यांमधले अंतर तपासायची पट्टी) लावूनही तो सहसा कळत नाही. खरा फरक व्यासात आहे, कारण १०-३२ चा स्क्रू ४.८३ मिलिमीटरचा आणि एम५ पूर्ण ५ मिलिमीटरचा. त्यामुळे एम५ स्क्रू त्या भोकात सुरुवातीला धरतो, मग आवळतो, आणि पान्ह्याने रेटला तर मऊ ॲल्युमिनियमचे आटे कापत जातो. उलट मेट्रिक भोकात इंची स्क्रू सैल बसतो आणि काही दिवसांत आपोआप निघून येतो. म्हणून जुन्या गनचा स्क्रू घेताना व्हर्निअरने व्यास मोजावाच लागतो, आणि हाताने न फिरणारा स्क्रू तिथेच थांबवावा लागतो.

स्क्रू बसवल्यापासून नोझलमधून रंग ठिबकतो, असेही आपण लिहिले आहे. तिरका बसलेला स्क्रू ट्रिगरला जाम करत असेल तर सुई पूर्ण पुढे येत नाही आणि नोझल बंद होत नाही. तेव्हा आधी तो स्क्रू काढून पाहावा. तरीही सुई अडखळत असेल, तर पॅकिंग नट, म्हणजे सुईभोवतीचे पॅकिंग दाबून धरणारा नट, जास्त आवळला गेला आहे का हे तपासावे. तो किंचित सैल केल्यावर सुई स्प्रिंगच्या जोराने सहज पुढे सरकली पाहिजे.

किमतीबद्दल सांगायचे तर हा स्क्रू पूर्ण आट्यांचा नाही. डोक्याखाली त्याला गुळगुळीत, घासून मापात आणलेली मान आहे आणि ट्रिगर त्या मानेवर फिरतो. पूर्ण आट्यांचा साधा स्क्रू तिथे बसवला तर त्याचे आटे ट्रिगरच्या भोकाला कानशीसारखे घासतात, भोक लांबट होते आणि ट्रिगर हलू लागतो. शिवाय हा स्क्रू ३०४ स्टेनलेस स्टीलचा आहे, त्यामुळे पाण्याच्या रंगात व रोजच्या धुण्यात तो साध्या लोखंडी स्क्रूसारखा गंजत नाही.

एअरलेस पंपाच्या बाबतीत मात्र माझा नकार यापुढेही कायम राहील. या मशीनमध्ये रंगाचा दाब ३००० पीएसआय, म्हणजे २०० बारच्या आसपास जातो. त्या दाबाचा भार घेणारा बोल्ट केवळ माप जुळते म्हणून बदलता येत नाही. त्याची ताकदही मूळ बोल्टइतकीच हवी, आणि सुट्या बोल्टबद्दल मी ती हमी देऊ शकत नाही. अशा मशीनमधून सुटलेली रंगाची धार कातडीतून आत घुसते. बाहेर फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत रंग आणि थिनर पसरलेले असतात व बोट वाचवण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पंपाचे बोल्ट कंपनीचेच घ्यावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. पंप उघडण्यापूर्वी मशीन बंद करून, वायर काढून, रिलीफ व्हॉल्व्ह उघडून आणि गन बादलीत दाबून सगळा दाब उतरवावा.

संचातले न वापरलेले स्क्रू परत पाठवल्यास त्यांचे पैसे आम्ही देऊ. गन दुकानात आणल्यास भोकाचे माप मी स्वतः घेईन. भोवती पुरेशी जाडी शिल्लक असेल तर नवे आटे असलेली हेलिकॉइल (तारेची गुंडाळी) बसवून ते भोक वाचवता येते, आणि त्याची मजुरी आपल्याकडून घेणार नाही. येताना गनचा जुना स्क्रू, झिजलेला असला तरी, बरोबर आणावा. मानेची लांबी त्यावरूनच मोजता येईल.