भाजलेल्या पेशंटचा काउंट वाढला म्हणजे ताकद वाढली? अजिबात नाही

"भाजलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी २० हजारावर गेल्या म्हणजे शरीर जोरात लढतंय, इन्फेक्शनची भीती नाही, आयसीयू आणि भेटायला बंदी हे सगळं बिल वाढवायला असतं" असा फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतोय, वर "पू होऊ नये म्हणून भात-डाळ-अंडी बंद करा" ही पुरवणी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज स्लाइड बघते, हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं, २० हजाराचं. नॉर्मल काउंट ४ ते ११ हजार. मोठं भाजलं किंवा मोठा अॅक्सिडेंट झाला की ताणाच्या हार्मोन्समुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या पेशी सुटून रक्तात येतात आणि हाडातला मगज अर्धवट तयार पेशी बाहेर ढकलतो, म्हणजे आकडा इन्फेक्शन नसतानाही वाढतो. मशीन फक्त मोजतं हो. स्लाइड लावली की दिसतं, पूर्ण वाढलेल्या न्यूट्रोफिलच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) केंद्रकाचे तीन-चार कप्पे असतात आणि या अर्धवट पेशींमध्ये केंद्रक अजून घोड्याच्या नालेसारखं वाकडं, एकसंध असतं.

आणि या न्यूट्रोफिलचं काम? जंतू असतील तिकडे नेमकं सरकत जाणं मंदावतं, गिळलेला जंतू आत मारणंही नीट जमत नाही. उलट फुटलेल्या पेशींमधून मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए वगैरे रक्तात येतो, त्याने याच पेशी चवताळतात, फुफ्फुसात जाऊन अडकतात आणि आपल्याच ऊतींना इजा करतात. लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तर बहुतेक वेळा कमीच झालेल्या असतात आणि उरलेल्याही थंड पडतात. म्हणून तर अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ मध्ये भाजलेल्यांमध्ये सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागणं) ओळखायचे निकष ठरवले तेव्हा त्यात पांढऱ्या पेशींचा काउंट घेतलाच नाही, प्लेटलेट, शुगर, ताप, नाडी, श्वास हे घेतलं.

दुसरं, "इन्फेक्शनची भीती नाही". पहिले काही दिवस निघून गेले की मोठ्या भाजण्यात जीव जातो तो मुख्यतः इन्फेक्शननेच. कातडी गेलेली, पहारेकरी पेशी ढिल्या, आणि स्युडोमोनास, अॅसिनेटोबॅक्टरसारखे जंतू हातावरून सहज पोचतात, मग भेटायला बंदी नको तर काय! लवकर ऑपरेशन करून मेलेली कातडी काढतात आणि स्किन बँकेची (दान केलेली) किंवा स्वतःची कातडी लावतात ते पण याच भीतीने.

काही जण उलटं टोक गाठतात, काउंट वाढला की पहिल्या दिवसापासून भारी अँटिबायोटिक द्या म्हणून डॉक्टरांशी भांडतात. नुसत्या काउंटवर ती देत नाहीत, औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. आणि दोन-तीन दिवसांनी काउंट एकदम खाली आला तर लगेच घाबरू नका, भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझीन क्रीम लावल्यावर असं होतं आणि बहुतेकदा आपोआप वर येतं. सेप्सिसनेही येतो म्हणून ठरवायचं डॉक्टरांनीच.

आता पुरवणी, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. भात-डाळीने पू होत नाही, जंतूंनी होतो. मोठ्या भाजण्यात शरीर स्वतःचे स्नायू जाळत सुटतं, मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला दीड ते दोन ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० ते १२० ग्रॅम आणि एका अंड्यात मिळतात जेमतेम ६. त्यात आजी-आत्या पेजेवर ठेवा म्हणतात, मग नवीन पेशी बनणार कशातून? नाकातून नळी घालून पहिल्याच दिवसात फीड सुरू करायचं म्हणाले तर प्लीज नको म्हणू नका, आणि तोंडाने खाता येत असेल तर अंडी, डाळ, दूध डॉक्टरांनी सांगितलं तेवढं सगळं द्या.