रिकाम्या गल्लीचा फोटो

चार दिवस झाले, माझा एक फोटो घरच्या ग्रुपवर भांडणात वापरला जातोय. फोटो पोर्तुगालमधल्या मार्व्हाँव या किल्ल्याच्या गावाचा आहे. पांढऱ्या भिंती, उताराची दगडी गल्ली, एका दारापाशी कुंडी, वर निळं आभाळ. माणूस एकही नाही. मी तो सहज टाकला होता. त्याखाली आमच्या दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावानं लिहिलं, "याला म्हणतात किल्ला जपणं. टपरी नाही, ताकवाल्या नाहीत, खरकटं नाही. जागतिक वारसा झालाय आता आपला राजगड, वर बसणारी ही सगळी माणसं हलवल्याशिवाय काही खरं नाही." लगेच अंगठ्यांची रांग लागली. काकांनी हात जोडले. वहिनी म्हणाल्या, युरोपकडून शिकायला हवं.

दादा, ती गल्ली स्वच्छ आहे म्हणून रिकामी नाही. तिथे राहायला कोणी उरलं नाही म्हणून ती रिकामी आहे.

मी मार्व्हाँवपासून गाडीने वीस मिनिटांवर, काश्तेलु द व्हीद या गावात गेली सहा वर्षं राहते. आलेंतेजु प्रांताचा हा वरचा, स्पेनला चिकटलेला कोपरा. मार्व्हाँवचा किल्ला साधारण ८६० मीटरवर, कातळाच्या सुळक्यावर. खालच्या पोर्ताजें गावातून चेस्टनट आणि ओकच्या रानातून जुनी फरसबंद वाट वर जाते. महिन्यातून एकदा तरी मी ती चढते. फाट्याफाट्यावर पिवळा-लाल पट्टा रंगवलेला, चुकीच्या वाटेवर फुली. वाट चुकायची सोय नाही. बाटली, वेफर्सचं पाकीट, दगडावर कोरलेलं नाव, यातलं काही मला त्या वाटेवर आजवर दिसलेलं नाही. हे इथल्या लोकांचं घेण्यासारखं आहे, आणि ते मी दादाला बिनशर्त देते. राजगडाच्या चोर दरवाज्याखाली पडलेला कचरा मीही पाहिलाय. पण तो कचरा ताक विकणाऱ्या बाईनं टाकलेला नसतो. तो पुण्या-मुंबईहून शनिवारी रात्री निघालेल्यांच्या पाठपिशव्यांतून वर येतो. हलवायचं असेल तर काय हलवायचं ते आधी नीट बघायला हवं.

मार्व्हाँवच्या तटाच्या आत आता मोजकी घरं नांदती आहेत. अख्ख्या तालुक्यात २०२१च्या जनगणनेला जेमतेम तीन हजार माणसं भरली. तरुण लिस्बनला गेले, फ्रान्सला गेले, स्वित्झर्लंडला गेले. बरीच घरं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी सजवली आहेत, एरवी पडदे ओढलेले. खाली बैरां नावाचं स्टेशन आहे, भिंतींवर सुंदर निळ्या फरश्यांची चित्रं. लिस्बनहून माद्रिदला जाणारी रात्रीची गाडी तिथून जायची. २०१२ साली तो फाटा बंद झाला. आता त्या रुळांवर पाहुणे पायडल मारत चारचाकी ढकलतात. मीही गेले आहे, ज्यांच्या सालीची बाटल्यांची बुचं होतात त्या झाडांमधून, दोन्ही बाजूंना दगडी बांध. बुचाच्या खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा असतो, साल कुठल्या वर्षी सोलली त्याचा शेवटचा अंक. नऊ वर्षं पुन्हा हात लावायचा नाही. फार सुंदर प्रदेश आहे. पण परतताना स्टेशनच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, "तुमच्या गावात गाडी थांबते का अजून?" त्याच्या आवाजात सुंदर असं काही नव्हतं.

आणि याच मार्व्हाँवला माणसं यावीत म्हणून पूर्वीच्या राजांनी काय काय केलं ते दादानं वाचावं. १२२६ साली पोर्तुगालचा राजा दुसरा सांशु यानं या गावाला सनद दिली, हक्क दिले, सवलती दिल्या. पुढे तर फरारी गुन्हेगारांनाही मुभा होती, सीमेवरच्या या गडावर येऊन राहा, शिक्षेतून सुटाल. किल्ल्यात शिरल्याशिरल्या पाण्याचं मोठं टाकं आहे, कमानीखाली, आत बोललं की आवाज घुमतो. वेढा पडला तर आतल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून बांधलेलं. राजाला कळत होतं की भिंत गड राखत नाही, भिंतीआडचं माणूस राखतं.

आपल्याकडे हे कधी वेगळं होतं? गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस होते, पण घेऱ्यातले रामोशी, महार, कोळी, मावळे नसते तर त्यांनी काय राखलं असतं? रायगडाच्या ज्या बुरुजापाशी उभं राहून सगळे फोटो काढतात, त्याला नाव कोणाचं आहे? हिरकणीचं. दूध विकायला गडावर आलेल्या बाईचं. गोष्ट आपण मुलांना डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि आज तिच्यासारखीच डोक्यावर हंडा घेऊन चढणारी बाई दिसली की आपल्याला ती अतिक्रमण वाटते.

वारशाच्या यादीचं म्हणाल, तर ११ जुलै २०२५ला बारा किल्ले यादीत गेले तेव्हा मी ऑफिसची मीटिंग सोडून बाल्कनीत जाऊन रडले होते. राजगड, रायगड, शिवनेरी, साल्हेर, एकेक नाव मोठ्यानं वाचलं. पण त्याच यादीत पन्हाळा आहे, जिथे घरं, शाळा, बाजार, नगरपरिषद आहे. सिंधुदुर्ग आहे, ज्याच्या तटाच्या आत अजून कुटुंबं राहतात. नामांकनाची बोलणी चालू असताना पन्हाळ्याच्या लोकांना आपल्याला हलवतील अशी धास्ती वाटत होती, ती उगीच नव्हती. दादासारखं बोलणारे पुष्कळ आहेत. इथे माझ्याच जिल्ह्यातलं एल्वाश २०१२ साली यादीत गेलं. चांदणीसारख्या तटांचं, खंदकांचं, प्रचंड जलसेतूचं गाव. तटाच्या आत लोक धुणं वाळत घालतात, बेकरीसमोर उभे राहून गलांव, म्हणजे दुधाळ कॉफी, पितात, पोरं तोफेच्या बुरुजाखाली फुटबॉल खेळतात. यादीनं कोणाला उठवलं नाही. गडावर राहणाऱ्याला परवाना द्या, कचरा खाली नेण्याचा नियम करा, टाकी साफ ठेवायचं काम आणि त्याचा पगार त्यालाच द्या. राजगडाच्या पद्मावती माचीवर कुठलं टाकं उन्हाळ्यात आधी आटतं हे पायथ्याच्या गुंजवण्याच्या माणसाइतकं कोणाला ठाऊक आहे?

दादाचं यावर उत्तर ठरलेलं आहे, ते त्यानं परवा दिलंही. "तू तिकडे बसून इथलं नको सांगूस."

हे वाक्य मला लागतं. मी त्याच्याशी वाद घालू शकत नाही, आणि ऐकून सोडूनही देऊ शकत नाही. काश्तेलु द व्हीदला आले त्या पहिल्या वर्षी मी येईल त्या पाहुण्याला गार्सिया द ऑर्ताची गोष्ट सांगायचे. तो याच गावचा. घरचे स्पेनमधून हाकललेले ज्यू, सक्तीनं ख्रिस्ती झालेले. वरच्या ज्यू वस्तीतली टोकदार कमानींची ती बुटकी दारं अजून आहेत. हा वैद्य १५३४ साली भारतात गेला आणि परतला नाही. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. आपल्या औषधांवरचं, आंब्यापासून विड्यापर्यंत सगळ्यावरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. मेल्यावर बारा वर्षांनी, १५८०मध्ये, तो मनातून ज्यूच राहिला असं ठरवून इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. मी हे सगळं का सांगत असे ते मला नंतर उमगलं. त्याच्यामुळे मला इथे असण्याचं एक कारण मिळायचं. बघा, तुमचा एक माणूस आमच्याकडे आला होता, तशी मी इकडे आले. पण तीस वर्षं जिथे राहिला, जिथल्या फळांवर लिहिलं, त्या मातीनं त्याची हाडंही ठेवून घेतली नाहीत. आता मी ती गोष्ट कमी सांगते.

नोव्हेंबरात मार्व्हाँवला चेस्टनटची जत्रा भरते. तेव्हा तीच गल्ली, फोटोतली, माणसांनी भरून जाते. धूर, भाजलेल्या टरफलांचा वास, नवी वाइन, शेगडीमागे बसलेल्या म्हाताऱ्या बायका. गेल्या वर्षी एकीनं कागदाच्या पुडीत मोजून चेस्टनट घातले आणि वर आणखी दोन टाकले, आजी टाकते तसे. मला तिथून हलता येईना.

कारण दादा, आपली आजी राजगडावर ताक विकायची. तुझी आणि माझी, दोघांची आजी. रविवारी पहाटे हंडा डोक्यावर घेऊन चोर दरवाज्याची ती सरळसोट वाट ती अनवाणी चढायची. त्या ताकाच्या पैशांतून तुझ्या दहावीच्या क्लासची फी गेली, माझं पुण्याचं हॉस्टेल गेलं. खालचं घर आता कुलूपबंद आहे, तू हडपसरला, मी इथे. मार्व्हाँवसारखंच आहे तेही.

फर्ग्युसनला असताना आमच्या वर्गाचा ट्रेक राजगडला गेला होता. मी नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. वर पद्मावतीच्या देवळाशेजारी ती बसली होती, डोक्यावरून पदर, पुढ्यात पेले. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, माझ्या मैत्रिणींकडे बघितलं, आणि नजर खाली घेतली. पाच रुपये पेला होता. मी दहाची नोट दिली. तिनं कनवटीची पिशवी सोडली, पाच रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि पुढच्या मुलीला विचारलं, "मीठ घालू का गं?"

तू त्या दिवशी नव्हतास. हे मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही.