रिकामा रकाना

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा माणूस मी एकटाच. त्यामुळे प्रिंटरमध्ये पाल शिरली तरी मला हाक, आणि एआय एजंटानं घोळ घातला तरी मलाच. पालीचं काम सोपं असतं.

एजंट म्हणजे सांगितलेली कामं स्वतःच उरकणारा प्रोग्रॅम. त्याचं मुख्य काम एवढंच, की सभासदांनी कळवलेले बदल, म्हणजे नवा मोबाइल, नवं बँक खातं, यंदाचा पेरा, डेटाबेसात चढवायचे. त्यासाठी सॉफ्टवेअरवाल्यांनी एक टूल, म्हणजे एजंटानं चालवायचं छोटं अवजार, दिलं होतं आणि त्याची माहिती म्हणून एक ओळ: 'शेतकऱ्याची माहिती अद्ययावत करते.' संपलं. लग्नपत्रिकेत मांडवाचा पत्ता 'गावात' एवढाच छापावा, तसं.

माणसाचं एवढ्यावर भागतं, तो पानठेल्यावर विचारून घेतो. एजंटाला टूलच्या पोटातला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं याचा साचा, एवढंच त्याच्यापुढे येतं. एजंटाला टूल जोडून देणारी एमसीपी नावाची पद्धत 2024 च्या नोव्हेंबरात आली, तिच्यातही हेच. जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजानं भरतो, आणि अंदाज चुकला तरी आवाज ठाम ठेवतो.

तर एका गजाननाचा मोबाइल बदलायचा होता. शेगाव जवळ, त्यामुळे आमच्याकडे घरटी एक गजानन. गावाला त्याची अडचण नाही: विहीरवाला गजानन, टेलर गजानन, शाळेमागचा गजानन. एजंटानं यादीत सगळ्यात वर सापडलेला गजानन उचलला, नाव आणि मोबाइल तेवढा पाठवला, आणि टूलनं त्या बिचाऱ्याची अख्खी नोंद त्या दोन गोष्टींनी बदलून टाकली. गट क्रमांक, बँक खातं, पेरा, सगळं साफ. वर एजंटाचा निरोप: 'माहिती यशस्वीरीत्या अद्ययावत केली आहे.'

अध्यक्ष म्हणाले, "तुमचं एम.ए. मराठीत झालं न? मंग त्या टूलाची माहिती तुमीच लिहा. नीट समजंल अशी."

मी लिहिलेलं तपासायला बापू आले. बापू सोसायटीचे निवृत्त गटसचिव. कॉम्प्युटरला त्यांनी आजवर हात लावलेला नाही, पण रजिस्टर त्यांच्याइतकं तालुक्यात कोणी ठेवलं नसेल. चुकलेल्या नोंदीवर लाल शाईची एक रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही. खोडरबर त्यांनी ऑफिसात शिरू दिला नाही.

'जे बदलायचे नाहीत ते रकाने रिकामे सोडावेत' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"रिकामं म्हंजे कोनतं रिकामं?"

"म्हणजे... रिकामं."

"अरे राजा, रजिस्टरात कोरं सोडलं म्हंजे अजून इचारलं नाई. आडवी रेघ मारली म्हंजे इचारलं, त्याच्यापाशी नाई. अन् दोन टिचक्या मारल्या म्हंजे वरच्यावानीच. तुह्या मशिनीत यातलं कोनतं?"

मी गप्प. कॉम्प्युटरवाल्यांचाही नेमका हाच पेच आहे. रकाना पाठवलाच नाही, पाठवला पण 'नल' म्हणजे 'इथे काहीच नाही' अशी खूण करून, पाठवला पण आत अक्षरच नाही, ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. आरएफसी 7396 नावाचं 2014 चं एक मानक आहे. त्याप्रमाणे न पाठवलेल्या रकान्याला हात लावायचा नाही आणि नल आलं तर तो रकाना काढूनच टाकायचा. आम्ही ते घेतलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागे लागून टूलही तसंच वळवून घेतलं, नाहीतर कागद एक बोलणार आणि टूल दुसरंच करणार. शेवटी बापूंनी सांगून लिहून घेतलेला मजकूर असा:

'फक्त बदलायचे रकाने पाठवा. न पाठवलेला रकाना आहे तसाच राहील. नल पाठवल्यास जुनी माहिती जाईल. सभासदानं स्वतः काढायला सांगितल्याशिवाय नल पाठवू नका. नावावरून बदल होत नाही. आधी सभासद शोधा, मिळालेला सभासद क्रमांक द्या. एकापेक्षा जास्त सापडले तर काहीही न बदलता विचारा.'

क्षेत्राचा रकाना त्यामानानं लवकर सुटला. साच्यात नुसतं 'क्षेत्र: संख्या' होतं. सातबारा हेक्टर-आरमध्ये, आमचं बोलणं एकरात. दोन एकरवाल्यानं 'दोन' कळवले, खरं तर 0.81 हवं होतं, एजंटानं 2 हेक्टर चढवले. जवळजवळ पाच एकर! बांध न कोरता जमीन वाढल्याची ही गावातली पहिलीच घटना असावी. आता रकान्याचं नावच 'क्षेत्र_हेक्टर' आहे.

मग नेटवर्क. कापसाची आवक चढवताना उत्तर यायच्या आत रेंज जायची, एजंट तीच आवक पुन्हा पाठवायचा, आणि पाच क्विंटलचे दहा व्हायचे. आवकेचं टूल आलेला आकडा आधीच्या आकड्यात 'जमा करते', त्याच्या जागी 'ठरवून देते' असं नाही, हा फरक कुठंच लिहिलेला नव्हता. बापू म्हणाले, "पावती नंबर कायले असते मंग?" पावती क्रमांक सक्तीचा झाला, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर आवक वाढत नाही.

'यशस्वी' या उत्तराचा मात्र मला मनापासून राग आहे. डेटाबेसाला अपडेट सांगितलं आणि कोणत्या ओळी बदलायच्या ही अट एकाही ओळीला लागू पडली नाही, तरी ती त्याच्या लेखी चूक नसते. अट लिहायचीच राहिली तर सगळ्या ओळी बदलतात, तीही चूक नसते. दोन्ही वेळा आमचं टूल 'यशस्वी' म्हणायचं. आता ते किती नोंदी बदलल्या, आधी काय होतं आणि आता काय आहे, हे सांगतं. ही बापूंची लाल रेघच.

सगळं घेऊन अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला.

"एवढं कायले लिवलं राजेहो? हे तं तलाठ्यापेक्षा जास्त प्रश्न इचारंन." मग स्वतःच्या हातानं तळाशी एक ओळ घातली: 'बाकी समजून घेणे.'

बापूंनी खिशातून लाल पेन काढला, ती ओळ वाचता येईल अशी खोडली आणि बाजूला सही करायला पेन अध्यक्षांच्याच हातात दिला.