यादीत नाव नसेल तर आधार दाखवूनही मत देता येत नाही

निवडणूक आली की नागपुरातल्या सोसायट्यांच्या, मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'यादीत नाव नसेल तर आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवा आणि कलम ४९ए खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर त्या केंद्रावर फेरमतदान होतं.' पाठवणारे चांगल्या हेतूनेच पाठवतात. पण यातलं टेंडर व्होट तेवढं खरं आहे.

सगळ्यात घातक आहे ते पहिलं वाक्य. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६२ स्पष्ट आहे: ज्याचं नाव मतदार यादीत नाही, त्याला मत देता येत नाही. ओळखपत्राचं काम एवढंच, की यादीत लिहिलेला माणूस तुम्हीच आहात हे पटवणं. महालातलं भाड्याचं घर सोडून मानेवाड्याला राहायला गेलेल्या माणसाच्या खिशात जुनं कार्ड असतं, पण नव्या भागाच्या यादीत नाव नसतं. त्यासाठी वेळेत फॉर्म ८ भरावा लागतो, पहिल्यांदा नोंदणी असेल तर फॉर्म ६. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत भर पडत नाही. मतदानाच्या सकाळी केंद्राध्यक्षांशी, म्हणजे बहुतेक वेळा ड्युटीवर आलेल्या एखाद्या शिक्षकाशी, कितीही भांडलं तरी त्यांच्या हातात काही नसतं.

याची उलट बाजू कुणी फॉरवर्ड करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नाव यादीत आहे आणि कार्ड हरवलंय, म्हणून घरी बसणारे आहेत. त्यांनी जावं! आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, रोजगार हमीचं जॉबकार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, यातलं काहीही लोकसभा-विधानसभेला चालतं. कार्डावर नावात काना-मात्रेची चूक असेल, पण ओळख पटत असेल, तर तेवढ्यासाठी परत पाठवत नाहीत. फक्त घरी आलेली मतदार चिठ्ठी २०१९ पासून एकटी पुरत नाही.

आता चॅलेंज व्होट. मुळात ४९ए हे कलम नव्हे, १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम आहे, आणि तो मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. 'चॅलेंज' मतदार मागत नाही, ते त्याच्याविरुद्ध होतं. पहिल्या टेबलावरचा अधिकारी यादीतला अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो ते शेजारी बसलेल्या पक्षांच्या एजंटांना ऐकू जावं म्हणून. 'हा तो माणूस नाही' असं एखाद्या एजंटाला वाटलं, तर तो २ रुपये भरून आक्षेप घेतो. केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. आक्षेप टिकला नाही तर मतदार मत देतो, टिकला तर तोतयाला पोलिसांच्या ताब्यात देतात.

टेंडर व्होट मात्र तुमचा हक्क आहे. यादीत तुमचं नाव आहे, पण त्यावर आधीच खूण झालेली आहे, तर केंद्राध्यक्ष ओळखीबद्दल प्रश्न विचारतात आणि खात्री पटली की कागदी मतपत्रिका देतात. मशीनचं बटण दाबायला मिळत नाही. ती मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही, निवडणूक याचिकेत न्यायालय तिचा विचार करू शकतं. असं मत नक्की द्या, तोतयेगिरीची कागदोपत्री नोंद त्यानेच होते.

१४ टक्क्यांचा आकडा कुठल्याच नियमात नाही. फेरमतदानाचा निर्णय निवडणूक आयोग घेतो, तो मशीन बिघडणं, केंद्र बळकावणं अशा कारणांवरून.

हा मेसेज ज्या ग्रुपवर दिसेल त्याच ग्रुपवर १९५० हा हेल्पलाइन नंबर टाका, आणि नाव यादीत आहे का ते उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या पुरेसं आधी बघायला सांगा.